ऑनलाइन मतदान घेतलं त्याची गोष्ट, निवडणूक अधिकाऱ्याच्या बाजूने

परवा हरकतींची मुदत संपली आणि आमच्या संघटनेच्या कार्यकारिणीची निवडणूक रीतसर पार पडली असं मी सही करून दिलं. इंटरनेटवरून मतदान आम्ही पहिल्यांदाच घेत होतो आणि निवडणूक निर्णय अधिकारी म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं होतं. सुरुवातीला खूप शोधलं की आधी कोणी केलंय का, कुठे अडतं, काय तयारी लागते, तर एकीकडे कंपन्यांच्या जाहिराती आणि दुसरीकडे गणिताने भरलेले पेपर, मधलं काहीच नाही. म्हणून क्रमाने लिहून ठेवतेय. लांबलंय, ज्यांच्यावर ही वेळ आलीये त्यांनी निवांत वाचा.

आमची संघटना एकाच व्यवसायातल्या लोकांची. सभासद खूप नाहीत पण विखुरलेले आहेत, बरेच परदेशात. आतापर्यंत पोस्टाने मतपत्रिका जायच्या, त्यातल्या कितीतरी मतमोजणी झाल्यावर परत यायच्या आणि त्या तशाच बंद पाकिटात कपाटात पडून राहायच्या. दर वेळी कोणीतरी म्हणायचं की आता ऑनलाइन करून टाकू. गेल्या सप्टेंबरच्या सर्वसाधारण सभेत ते खरंच ठरावाच्या रूपात आलं. घटनेत 'मतपत्रिकेद्वारे' असा शब्द असल्यामुळे घटनादुरुस्ती लागणार होती, म्हणजे सूचक, अनुमोदक, एकवीस दिवसांची नोटीस आणि दोन तृतीयांश बहुमत. हे आधी बघून घ्या, कारण आधी सॉफ्टवेअर ठरवायचं आणि मग घटना उघडायची असं करणाऱ्या एका संस्थेची निवडणूकच पुढे रद्द झाल्याचं मी ऐकलं होतं.

सभेत ठराव आला आणि आमचे माजी खजिनदार उठले. त्यांना सगळे सर म्हणतात, मीही तेच म्हणेन. ते म्हणाले, "मॅडम, मी गेल्या पाच निवडणुकांत मतपेटीशेजारी बसलोय. सकाळी रिकामी पेटी उघडून दाखवायची, सील लावायचं, मोजेपर्यंत मी तिथून हलत नाही. मला तुमच्यावर अविश्वास दाखवायचा नाही. फक्त एवढं सांगा, आता मी कुठे बसू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तरुण मंडळी हसली, कोणीतरी बँकेचे सगळे व्यवहार मोबाईलवर होतात मग मत का नाही असं म्हणालं, टाळ्या पडल्या आणि सर खाली बसले. ठराव त्या दिवशी मतदानाला घेतलाच नाही, अभ्यास करून पुढच्या विशेष सभेत मांडा असं ठरलं. अभ्यास अर्थातच मी करायचा.

बँकेचा मुद्दा तुमच्याकडेही येणार म्हणून इथेच सांगते. बँकेत चुकीचा व्यवहार झाला तर तो स्टेटमेंटवर दिसतो, तक्रार करता येते, पैसे परत येतात, कारण कोणी किती कोणाला दिले हे बँकेला माहीत असतं. मतदानात नेमकं तेच कोणालाही माहीत असता कामा नये. कोणाचं मत कोणाला गेलं हे लपवायचं आणि तरीही सगळी मतं बरोबर मोजली हे दाखवून द्यायचं, या दोन्ही गोष्टी एकदम हव्यात. सगळी कटकट तिथेच आहे. हे मी पुढे इतक्या लोकांना फोनवर सांगितलं की शेवटी एका पानावर टाइप करून ठेवलं आणि तेच पाठवत बसले.

ऑक्टोबर सगळा वाचनात गेला. सरांचा प्रश्न माझा एकटीचा नाही हे तेव्हा कळलं. जर्मनीच्या संविधान न्यायालयाने मार्च २००९ मध्ये जवळजवळ हाच प्रश्न विचारलाय. ती केस मतदान यंत्रांची होती, इंटरनेटची नाही, पण न्यायालय म्हणालं की निवडणूक सार्वजनिक असते, म्हणून तिचे महत्त्वाचे टप्पे सामान्य नागरिकाला कुठलंही खास तांत्रिक ज्ञान नसताना तपासता आले पाहिजेत. यंत्रांत गडबड झाल्याचा पुरावा कोणी दिला नव्हता, तरीही ती यंत्रं गेली. नॉर्वेने २०११ आणि २०१३ मध्ये काही नगरपालिकांत इंटरनेट मतदानाचे प्रयोग केले आणि २०१४ मध्ये बंद केले. तिथेही कोणी हॅक केलं म्हणून नाही, तर पक्षांमध्ये एकमत नाही, आपलं मत उघड होईल ही लोकांना भीती, आणि मतदान वाढल्याचंही काही दिसलं नाही म्हणून.

आणि मग एस्टोनिया, ज्याचं नाव प्रत्येक सेल्समन घेतो. तिथे २००५ साली पहिल्यांदा स्थानिक निवडणुकीत हे सुरू झालं तेव्हा मतदान करणाऱ्यांपैकी दोन टक्क्यांच्या आसपास लोकांनी इंटरनेट वापरलं. २०२३ च्या संसदीय निवडणुकीत पहिल्यांदा निम्म्याहून जास्त मतं इंटरनेटवरून आली. म्हणजे अठरा वर्षं लागली, आणि त्या देशात प्रत्येकाकडे सरकारी डिजिटल ओळखपत्र असताना, हे सेल्समन सांगत नाही. दुसरं जे सांगत नाही ते असं की त्याच २०२३ च्या निकालाच्या रात्री कागदी मतांत एक पक्ष पुढे होता आणि इंटरनेटची मतं आल्यावर मागे पडला. त्यांनी निकाल मानायला नकार दिला, कोर्टात गेले, सर्वोच्च न्यायालयाने त्यांचं म्हणणं फेटाळलं. पण त्यांच्या मतदारांचा संशय काही निकालपत्राने फिटत नाही.

हे वाचल्यावर माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली आणि पुढचे सगळे निर्णय त्यावर झाले. जिंकणारा माणूस कुठलीही पद्धत मान्य करतो, त्याला विचारायचंच नाही. हरणाऱ्या माणसाने ज्या दिवशी निकाल लागेल त्या दिवशी काय काय तपासून बघता येईल, याची यादी आधी करायची आणि त्या यादीला उत्तर देणारी व्यवस्था शोधायची. आमच्याकडे दोन पॅनल होती. नव्या पॅनलला ऑनलाइन हवं होतं कारण परदेशातली तरुण मतं त्यांची, आणि जुन्या पॅनलला नेमका तोच संशय होता. म्हणजे सर्व्हर कितीही भारी आणला तरी निम्मी संघटना आधीच म्हणणार की हे त्यांच्यासाठी केलंय.

नोव्हेंबरमध्ये कंपन्यांचे डेमो घेतले. स्क्रीन सगळ्यांचे सुंदर. एका ठिकाणी मी विचारलं की उमेदवार हरला आणि म्हणाला की मला मोजणी तपासायचीय तर त्याला काय देणार? तर म्हणे आम्ही प्रमाणपत्र देतो. कोणाचं? आमचंच. सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ लिहिलेला मजकूर, बघता येईल का? ते गोपनीय आहे, सुरक्षेसाठी. इथे मी थांबले. सुरक्षा फक्त लपवण्यावर उभी असेल तर सरांना मी काय सांगणार, की सर, पेटी बंद खोलीत आहे आणि किल्ली कंपनीकडे आहे?

स्वित्झर्लंडचं उदाहरण मला तेव्हा फार उपयोगी पडलं. तिथल्या पोस्ट खात्याने २०१९ मध्ये आपल्या मतदान प्रणालीचा कोड लोकांना बघायला दिला, आणि बाहेरच्या संशोधकांनी त्यात असा दोष काढला की मतं बदलूनही 'सगळं बरोबर आहे' असा गणिती पुरावा तयार करता आला असता. प्रणाली थांबली. जून २०२३ मध्ये दुरुस्त करून तीन कॅन्टनमध्ये (म्हणजे तिथल्या राज्यांत), तेही मतदारांच्या मर्यादित गटापुरती, परत सुरू झाली. हे मी सरांना फोनवर सांगितलं. माझी अपेक्षा होती ते म्हणतील बघा, दोष असतातच. ते म्हणाले, "म्हणजे उघडून दाखवलं म्हणून सापडला. मग न दाखवणाऱ्यांच्यात किती असतील?" त्या दिवसापासून प्रत्येक कागद मी आधी सरांना पाठवू लागले. तुमच्याकडेही असा एक माणूस असेल, सभेत नकोसा वाटणारा. त्याला टाळू नका, त्यालाच पहिला वाचक करा, फुकट ऑडिटर आहे तो.

शेवटी आम्ही बेलेनिओस निवडलं. फ्रान्समधल्या संशोधकांनी बनवलेलं आहे, कोड खुला आहे, हेलिओस नावाच्या जुन्या खुल्या प्रणालीवर पुढे काम करून केलेलं. थोडक्यात सांगते कसं चालतं, कारण मला हे साध्या भाषेत कुठेच मिळालं नाही. प्रत्येक मतदाराला एक गुप्त कोड मिळतो. हा कोड सर्व्हर चालवणारा बनवत नाही, वेगळा माणूस बनवतो, त्यामुळे सर्व्हरवाल्याला मनाने जादा मतं घुसवता येत नाहीत. मत तुमच्या ब्राउझरमध्येच कुलूपबंद होतं आणि बंद अवस्थेतच सर्व्हरवर जातं. तुम्हाला एक ट्रॅकिंग नंबर मिळतो आणि तो सार्वजनिक यादीत दिसतो, म्हणजे माझी बंद मतपत्रिका पेटीत आहे हे तुम्ही स्वतः बघू शकता. मतं उघडायची चावी अनेक लोकांत वाटलेली असते. आणि मोजणी झाल्यावर कोणीही सगळा डेटा उतरवून बेरीज आपल्या संगणकावर तपासू शकतो. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायची: तुमच्या स्वतःच्या मोबाईल किंवा लॅपटॉपमध्येच काही घाण असेल तर त्याची खात्री संघटना देऊ शकत नाही. हे आम्ही सूचनापत्रकात ठळक छापलं. दोन सहकारी म्हणाले कशाला घाबरवताय. पण नंतर तेच बाहेरून कोणी सांगितलं असतं तर 'हे आमच्यापासून लपवलं' झालं असतं.

खर्चाचं विचारतात सगळे. सॉफ्टवेअर फुकट. बाहेरच्या जाणकाराकडून मांडणी तपासून घेतली त्याची फी, एसएमएसचा खर्च, आणि सगळ्यात मोठा आकडा कशाचा तर पोस्टाचा! ज्यांच्याकडे ईमेल नाही किंवा ज्यांना ऑनलाइन नकोच आहे त्यांना कागदी मतपत्रिका पाठवायचीच होती, शिवाय सगळ्यांना एक छापील पत्र. पत्र काढून टाकू म्हणजे पैसे वाचतील असा आग्रह झाला, मी ऐकलं नाही. ईमेलवर आलेल्या लिंकवर क्लिक करू नका असं आपणच लोकांना वर्षानुवर्षं सांगतो, मग आपलीच लिंक खरी हे त्यांना कशावरून कळावं? छापील पत्रात निवडणुकीचा पत्ता होता, मेलमधला पत्ता त्याच्याशी जुळवून बघा असं लिहिलं. खूप जणांनी खरंच बघितलं, फोनवर अक्षरं वाचून दाखवली.

डिसेंबरच्या विशेष सभेत ठराव दोन तृतीयांशाच्या वर थोडा सरकून मंजूर झाला. त्यात सरांनी एक दुरुस्ती घालायला लावली की ही पद्धत एकाच निवडणुकीपुरती, पुढच्या वेळी सभेने परत मान्यता दिली तरच. नव्या पॅनलला ते आवडलं नाही. मला तेव्हा थोडा वैताग आला होता, पण काठावरची काही मतं या ओळीमुळेच ठरावाच्या बाजूला आली.

आता मतदार यादी. जास्त घाम इथे निघतो हे कोणीच सांगत नाही. कागदी निवडणुकीत पत्ता चुकला तर पाकीट परत येतं. ईमेल चुकला तर कधी कधी काहीच परत येत नाही. आमच्या यादीत सोडलेल्या नोकरीतले ईमेल होते, वारलेले सभासद होते, आणि नवरा-बायको दोघांचा एकच ईमेल अशी कितीतरी नावं. शेवटच्या प्रकाराने मला फार त्रास दिला. दोघांचे कोड एकाच इनबॉक्समध्ये गेले तर दोन्ही मतं कोण देणार हे उघड आहे. आम्ही नियम केला की एक ईमेल, एक सभासद, नाहीतर कागदी मतपत्रिका. यावर भांडणं झाली. एक गृहस्थ फोनवर म्हणाले, "अहो, आमच्या घरात असं काही नसतं, माझी बायको मी सांगेन तिथेच मत देते." मी म्हटलं, म्हणूनच!

प्रारूप यादी जानेवारीच्या सुरुवातीला लावली, हरकतींना तीन आठवडे, मग अंतिम यादी. मधल्या काळात प्रत्येकाला चाचणी मेल पाठवला की हा मिळाला तर फक्त 'मिळाला' असं उत्तर द्या. उत्तर न आलेल्यांना फोन. अर्ध्यांच्या स्पॅममध्ये होता. आमच्या डोमेनच्या एसपीएफ आणि डीकेआयएम सेटिंग्ज (मेल खरंच आमच्याकडूनच आलाय हे समोरच्या सर्व्हरला तपासता येतं त्या) धड नव्हत्या, त्या करून घेतल्यावर बराच फरक पडला. ही चाचणी मतदानाच्या निदान दोन महिने आधी करा, आदल्या आठवड्यात केली तर उपयोग नाही.

चाव्यांचा भाग मला स्वतःला सगळ्यात आवडला. नोव्हेंबर २०२५ मध्ये एक बातमी आली होती, गुप्तलेखनशास्त्रातल्या संशोधकांच्या जागतिक संघटनेची, आयएसीआरची. त्यांनी हेलिओसवर निवडणूक घेतली, चाव्या तिघांकडे, आणि निकालासाठी तिन्ही लागणार अशी रचना. एकाची चावी हरवली. निकाल कुलपात राहिला तो राहिला, कोणालाच कळला नाही, निवडणूक परत घ्यावी लागली, आणि नव्या वेळी तीनपैकी दोन चाव्या पुरतील असं केलं. जगातले सगळ्यात जाणकार लोक! आमच्या सभेत ही बातमी मी वाचून दाखवली तेव्हा पहिल्यांदाच दोन्ही पॅनल एकदम हसली.

आम्ही पाच चाव्या ठेवल्या, कुठल्याही तीन पुरतील. दोन जुन्या पॅनलने सुचवलेल्यांकडे, दोन नव्या पॅनलने सुचवलेल्यांकडे, पाचवी कुठल्याच गटात नसलेल्या सभासदाकडे. म्हणजे एका पॅनलला एकट्याने मतं उघडता येत नाहीत आणि एका पॅनलला रुसून निकाल अडवताही येत नाही. गुप्त कोड बनवण्याचं काम एका निवृत्त बाईंना दिलं, ज्यांच्याबद्दल दोन्ही बाजूंची तक्रार सारखीच आहे की त्या कोणाचंच ऐकत नाहीत. त्यांच्या निवडीला एकही हरकत आली नाही. आणि मला जाणवलं की लोक गणितावर विश्वास ठेवायला तयार नव्हते, गणित ज्यांच्या हातात दिलं त्या माणसांवर मात्र ठेवत होते. यात वाईट काही नाही. पूर्वीसुद्धा मतपेटीच्या लाकडावर कोणाचा विश्वास नव्हता.

चाव्या बनवायचा कार्यक्रम कंटाळवाणा असतो हे लक्षात ठेवा. पाचपैकी तीन असा प्रकार केला की चावी तीन टप्प्यांत तयार होते, आणि पाचही जणांनी एक टप्पा संपवल्याशिवाय पुढचा सुरू होत नाही. सगळ्यांना एकदम व्हिडिओ कॉलवर बसवा, 'सवडीने करा' म्हटलं की आठवडा गेला. प्रत्येकाने चावीची फाइल दोन पेनड्राइव्हवर घेतली, पाकिटात घालून सही केली. मी त्या फाइल्स घ्यायच्या नव्हत्या आणि घेतल्या नाहीत. एका चावीधारकाने मला व्हॉट्सअॅपवर विचारलं, मॅडम तुमच्याकडे एक कॉपी पाठवू का, सेफ राहील. नको बाबा.

फेब्रुवारीत सराव निवडणूक घेतली, विषय अगदी बिनविषारी, पुढचं संमेलन कुठल्या महिन्यात घ्यायचं. हे टाळू नका. अमेरिकेत वॉशिंग्टन डीसीने २०१० मध्ये खऱ्या निवडणुकीआधी आपली प्रणाली लोकांना हल्ला करायला खुली ठेवली होती, तर मिशिगन विद्यापीठाच्या गटाने दोन दिवसांच्या आत ती ताब्यात घेऊन सगळी मतं बदलली आणि मत दिल्यावर त्यांच्या विद्यापीठाचं गाणं वाजेल अशी सोय करून ठेवली. त्या शहराची लाज गेली असं काही जण म्हणतात, माझ्या मते निवडणूक वाचली. आमच्या सरावात हॅकर कोणी आलं नाही, पण माणसं आली. तिघांनी आपल्या गुप्त कोडचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकून 'हेच का ते?' विचारलं. अनेकांना गुप्त कोड आणि ट्रॅकिंग नंबर यातला फरकच कळला नाही. त्यावरून आम्ही शब्द बदलले, एकाला 'मत देण्याचा कोड, कोणालाही दाखवू नका' आणि दुसऱ्याला 'पोच क्रमांक, दाखवला तरी चालेल' असं नाव दिलं. फोन निम्म्यावर आले.

सराव झाल्यावर सर म्हणाले, आता मला मुद्दाम खोटं करून दाखवा. म्हणजे? म्हणजे मोजणीच्या फाइलमध्ये एक मत बदला आणि मग तपासणी चालवा. जाणकाराने सगळ्यांसमोर तसं केलं, तपासणीच्या प्रोग्रॅमने लगेच फाइल चुकीची असल्याचं सांगितलं. माझ्या सगळ्या पत्रकांपेक्षा त्या पाच मिनिटांचा परिणाम जास्त झाला. रेकॉर्डिंग सभासदांना पाठवलं, बघितलं किती जणांनी माहीत नाही, पण तशी सोय आहे एवढं सगळ्यांना कळलं.

मतदान मार्चमध्ये, सोमवार सकाळ ते रविवार संध्याकाळ. आधी एक नियम लिहून ठेवला होता की सर्व्हर ठरावीक वेळेपेक्षा जास्त बंद राहिला तर मुदत तेवढी वाढेल, आणि वाढवायची की नाही हे मी एकटी ठरवणार नाही, दोन्ही पॅनलच्या प्रतिनिधींसह. ऑस्ट्रेलियात न्यू साऊथ वेल्समध्ये २०२१ च्या स्थानिक निवडणुकांत ऑनलाइन प्रणाली बसली, काही लोकांची मतं राहिली आणि पुढच्या वर्षी कोर्टाने तीन ठिकाणच्या निवडणुका रद्द ठरवल्या, ते वाचून हा नियम घातला होता. वापरायची वेळ आली नाही.

पहिल्या दोन दिवसांत फोन सतत. कोड सापडत नाही म्हणणाऱ्यांना मी काहीच मदत करू शकत नव्हते, कोड मला दिसतच नव्हते, त्यांना कोड बनवणाऱ्या बाईंकडे पाठवायचे. काही जणांना राग आला, अधिकारी असून तुमच्याकडे नाही? नाही, आणि नसायलाच हवा. तिसऱ्या रात्री एक सभासद बाई अगदी हळू आवाजात बोलल्या. मत देताना घरातलं कोणीतरी शेजारी बसून सांगत होतं, आता काही करता येईल का? परत मत देता येतं, शेवटचं तेच धरलं जातं, तुम्ही एकट्या असाल तेव्हा द्या, एवढं सांगितलं. एस्टोनियातही हीच सोय आहे, तिथे तर प्रत्यक्ष केंद्रावर जाऊन दिलेलं कागदी मत इंटरनेटच्या मताला रद्द करतं. याने दबाव पूर्ण जातो असं मी म्हणणार नाही. ज्याच्यावर रविवारी संध्याकाळपर्यंत लक्ष ठेवलं जातं त्याला याचा काय उपयोग? घरी बसून मत देण्याच्या कुठल्याही पद्धतीत हे भोक राहतंच, पोस्टाच्या मतपत्रिकेतही होतं, फक्त तेव्हा आम्हाला कोणी फोन करून सांगत नव्हतं.

चौथ्या दिवशी अफवा आली. रात्री झोपताना मतांचा आकडा एवढा होता आणि सकाळी उठेपर्यंत बराच वाढला, रात्री कोण मतं टाकतंय? आमचे परदेशातले सभासद जागे असतात तेव्हा इथे रात्र असते, इतकं सोपं उत्तर होतं. पण मी नुसतं उत्तर दिलं नाही. आता दररोज ठरलेल्या वेळी आकडा आणि पोच क्रमांकांची पूर्ण यादी उतरवून ठेवायचं काम दोन्ही पॅनलच्या एकेका माणसाला दिलं, मी नाही. म्हणजे आधी दिसलेली एखादी पोच नंतर गायब झाली, तर ती परत मत दिल्यामुळे बदलली की कोणी काढली हे विचारायला त्यांच्या हातात कागद. संध्याकाळपर्यंत विषय थंडावला.

मोजणी रविवारी रात्री व्हिडिओ कॉलवर. पाचपैकी चार चावीधारक आले, पाचव्याचा फोनच लागला नाही, आणि मला त्या तीनच्या नियमाची किंमत कळली. प्रत्येकाने आपली फाइल लावली, दहा-पंधरा मिनिटांत निकाल. कागदी मतं अगदी थोडी होती. ती वेगळी जाहीर केली असती तर कोणी कोणाला दिलं याचा अंदाज लागला असता, म्हणून आकडा ठरावीक संख्येखाली असेल तर फक्त एकत्रित बेरीज जाहीर करायची असं आधीच ठरवलं होतं. तुम्हीही हे आधी ठरवा, निकालाच्या रात्री ठरवलं तर लपवाछपवी वाटते. कागदी मतं दोन्ही पॅनलच्या प्रतिनिधींसमोर मोजली आणि त्या तक्त्यावर त्यांच्या सह्या घेतल्या.

अध्यक्षपद जुन्या पॅनलने थोडक्यात गमावलं. मतदान मागच्या वेळेपेक्षा जरा वाढलं, फार नाही, परदेशातलं बरंच वाढलं आणि ज्येष्ठांचं किंचित कमी झालं. ते कमी का झालं याचा शोध अजून घ्यायचाय.

दुसऱ्या दिवशी सरांनी सगळा डेटा मागितला. तो तर सगळ्यांसाठी उघडाच होता. त्यांनी ओळखीच्या एका इंजिनिअर मुलीला बसवून तपासणी चालवली, इंटरनेटच्या मतांच्या बेरजेत कागदी तक्ता मिळवला आणि मला मेल केला की जुळतंय. पुढच्याच परिच्छेदात मतदार यादीत तीन सभासदांची वर्गणी उशिरा येऊनही नावं का घेतली यावर दीड पान हरकत. आलेली एकमेव हरकत तीच. सुनावणी घेतली, पावत्या तपासल्या, दोन नावं नियमात बसत होती, एक बसत नव्हतं, एका मताने निकाल बदलत नसल्यामुळे नोंद करून हरकत निकाली काढली. मुदत संपल्यावर पाचही चावीधारकांनी कॉलवर आपापल्या फाइल्स पुसल्या, पेनड्राइव्ह मोडले, पंचनामा केला. मतांचा कुलूपबंद डेटा आणि पुरावे मात्र पुढच्या निवडणुकीपर्यंत ठेवणार आहोत.

आता पुढच्या सर्वसाधारण सभेत ठरावाला परत मान्यता घ्यायची आहे. सरांनी आधीच कळवलंय की ते स्वतः पुढच्या वेळीही कागदावरच मत देणार, आणि कागदी पर्याय काढायचा प्रयत्न झाला तर विरोध करणार. नव्या अध्यक्षांना खर्च वाचवायला तो काढायचाच आहे. त्यामुळे ठराव कोणत्या बाजूला जाईल ते आज सांगता येत नाही. आमच्या नियमावलीचा मसुदा, सूचनापत्रक आणि चाचणी मेलचा मजकूर कोणाला हवा असेल तर सांगा, पाठवते, फक्त तुमच्या घटनेतली नोटिशीची मुदत वेगळी असेल ती बघून बदला.